ओदुओरला आणायला

युनिया अपोंदीच्या अंगणात तिच्या धाकट्या मुलासाठी खणलेला खड्डा पाऊस सरत आला तरी रिकामाच होता. तळाशी केळीचं एक खोड आडवं टाकून ठेवलं होतं, एवढंच. खणलेला खड्डा रिकामा राहिला की तो आपणहून कुणाला तरी शोधायला निघतो, असं सरोवराकाठी सगळेच धरून चालतात. खोड त्याला फसवण्यासाठी होतं. पण केळीचं खोड कुजतं. त्याचा आंबूस वास सकाळी मासळीच्या वासात मिसळून यायचा आणि युनिया जुन्या जाळ्यावर ओमेनाची बोटभर मासळी वाळत पसरता पसरता थांबून नाक वर करायची. खड्ड्याला कळायला लागलंय, असं तिला वाटायचं.

मुलाचं नाव ओदुओर. होडी उलटली तेव्हा तिच्यात तिघे होते. दोघे पोहत परतले, ओदुओर परतला नाही. सरोवर माणूस गिळतं, पण काही दिवसांनी किनाऱ्याला आणून टाकतं. बायका काठाकाठानं त्याला हाका मारत फिरल्या, कोळ्यांनी पाणवनस्पतींचे हिरवे गालिचे वल्ह्यांनी उचलून पाहिले. सरोवरानं या वेळी काही परत केलं नाही.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. यागोच्या झाडाचं फळ आणायचं. भोपळ्यासारखं लांबट, राखी रंगाचं, तान्ह्या पोराइतकं जड. ते पांढऱ्या कापडात गुंडाळायचं, त्याच्यासाठी रडायचं, आणि माणसाला पुरतात तसं घराच्या अंगणात पुरायचं. युनियाच्या दिरानं, न्यामोलोनं, स्वतः झाडावर चढून फळ आणलं. भजन सुरू झालं. आणि युनिया उठली ती सरळ जाऊन खड्ड्यात पाय सोडून बसली.

"वहिनी, उठा. लोक खोळंबलेत."

"फळ कशाला?"

"कशाला म्हणजे? अंग मिळालं नाही म्हणून."

"अंग आहे," युनिया म्हणाली. "थोडं आहे, पण आहे. केंद्रात आहे."

भजन आपोआप थांबलं. दुःखानं बाईचं डोकं फिरलं असं पुरुषांना वाटलं. पण बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण त्यांतल्या बऱ्याच जणींना आठवत होतं. त्यांच्याही पोरांचं तिथे होतं.

ओदुओर दुडुदुडु चालायला लागला होता तेव्हाची ती गोष्ट. तापानं पोरं जात होती. रस्त्याकडेला पिवळ्या भिंतींचं संशोधन केंद्र नुकतंच उभं राहिलं होतं आणि त्याच्या दारातली वीज गावात कधीच आली नाही. केंद्राकडून विल्किस्ता नावाची मुलगी घरोघर फिरायची. पलीकडच्याच गावातली, गोड जिभेची. ती युनियाजवळ मासळीच्या धुरात बसून समजावून सांगायची.

"मावशी, थोडंसंच रक्त घेणार. बोटाएवढ्या नळीत. ते इतक्या थंडीत ठेवतात की नासत नाही. तू जाशील, मी जाईन, ते तसंच राहील. पुढे कधी नवा आजार आला तर त्यातून औषध निघेल."

"मग माझ्यापेक्षा त्याचंच बरं चाललंय," युनिया म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या. तिनं अंगठा उमटवला. मच्छरदाणी मिळाली, साबणाची वडी मिळाली. पोराचा ताप उतरला तोही तिथल्याच औषधानं, हे ती कधी विसरली नाही.

युनिया विसरणाऱ्यांतली नव्हती. आतल्या कोरड्या मुलखातून लग्न होऊन आली तेव्हा तिला माशाचा वास सोसायचा नाही. पुढे बाजारात तिच्याइतकी मासळीची पारख कुणाला उरली नाही. नवरा गेल्यावर तिनं धुराची भट्टी घातली, मोडक्या होडीचा अर्धा भाग पालथा घालून त्यावर बसून धंदा केला. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती मासळीकडे बघत म्हणायची, "ऐकलंस ना गं, तुझी किंमत काय करतायत ते?" थोरला ओऊमा समजूतदार, घरापुरता. धाकटा तिचा सगळा जीव. जन्मला तो मध्यरात्र उलटल्यावर, म्हणून ओदुओर. त्या वेळी जन्मलेले सगळे ओदुओरच. पण नुसत्या वेळेच्या नावानं तो शांत होईना. रडून रडून निळा पडायचा. म्हाताऱ्या बायका एकेका पूर्वजाचं नाव त्याच्या कानात सांगत गेल्या. आईकडच्या आजोबांचं, ओगुटूचं, नाव निघालं आणि पोर हुंदका अर्धा गिळून झोपलं. त्याचं नाव त्यानं असं स्वतः घेतलेलं होतं.

फळ पुरायचं राहिलं. न्यामोलोनं ते कापडासकट धान्याच्या कणगीखाली ठेवलं. ओऊमाची बायको रिस्पा पोटुशी होती. ती पाण्याला जाताना खड्ड्याला लांबून वळसा घालायची आणि तिची पाऊलवाट दिवसागणिक आणखी बाहेर सरकत गेली.

"आई," ओऊमा एकदा म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण तो खड्डा काही तुझ्या बरोबर असण्याची वाट बघत थांबणार नाही."

तिला ओदुओर दिसायला लागला होता, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी भट्टीजवळ डोळा लागला की तो दारात उभा असायचा. बुडालेलं माणूस ओलं यायला हवं. हा कोरडा यायचा. पापण्यांवर, भुवयांवर, केसांत पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं काहीतरी. हात अंगाशी चिकटलेले, अरुंद जागेत उभं राहायची सवय झाल्यासारखा. ती विचारायची, जेवलास? तो तोंड उघडायचा, पण स्वतःला काय म्हणायचं हेच आठवत नसल्यासारखा पुन्हा मिटायचा.

शेवटी ती केंद्रात गेली.

विल्किस्ता आता तिथे मोठ्या हुद्द्यावर होती, पण युनियाला बघून तिनं खुर्ची सोडली. डॉक्टर मुतिसो पूर्वेकडच्या डोंगरांतला, इथली भाषा न येणारा. विल्किस्ता दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती.

"आई, मला फार वाईट वाटतं," डॉक्टर म्हणाला, आणि ते खरं दिसत होतं. "पण नळी हातात देता येत नाही. नियम नाही. संमती मागे घेता येते. तुम्ही सांगितलंत तर आम्ही नमुना नष्ट करू."

"नष्ट म्हणजे काय करता?"

विल्किस्तानं प्रश्न पुढे नेला, उत्तर मात्र लगेच आणलं नाही.

"काय म्हणाला गं?"

"जाळतात, मावशी."

युनियाच्या लोकांत माणूस जाळत नाहीत. जाळलेल्याला परतायला जागा उरत नाही.

"आणि दुसरं असं," डॉक्टर खाली बघत म्हणाला, "कुठली नळी तुमच्या मुलाची, हे आता आम्हालाही सांगता येणार नाही. अभ्यास संपला तेव्हा सगळी नावं काढून टाकली. मुलांच्याच भल्यासाठी. त्यांच्या आजाराची माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून. सगळीकडे तसंच करतात."

"नाव काढून टाकलं?" युनिया म्हणाली. "विल्किस्ता, सांग त्याला. ते पोर नाव मिळेपर्यंत रडत होतं."

विल्किस्तानं सांगितलं की नाही, कोण जाणे. डॉक्टरनं फक्त चष्मा काढला.

"आणि सगळं रक्त इथेही नाही. प्रत्येक नळीतला अर्धा भाग परदेशात पाठवला होता. विमानानं. तिथल्या मोठ्या प्रयोगशाळेत असेल. करार तसा आहे. परत मागायची सोय त्या करारात नाही."

"कुठल्या देशात?"

"उत्तरेला. थंड देश आहे."

"म्हणजे इथेही थंडी आणि तिथेही थंडी," युनिया म्हणाली. "मग हे सगळं आहे कुणाचं? तुझं?"

"माझं नाही. राजधानीतल्या समितीचंही नाही. आम्ही नुसते राखणदार."

"राखणदाराला मालक असतो, बाळ."



घरी न्यामोलोनं सगळं ऐकून घेतलं. अपघातात गेलेल्याचा जीव रस्त्यावर राहतो तेव्हा घरचे तिथे जाऊन हाक मारतात, त्याला घेऊन घरी येतात. न्यामोलोनं ते अनेकदा केलं होतं.

"नळी देत नाहीत तर न देवोत," तो म्हणाला. "फळ तिथे घेऊन जाऊ. त्याला हाक मारू. फळात घेऊन येऊ. मग तरी पुराल ना, वहिनी?"

"येईल तो?"

"घरचं माणूस बोलावतंय म्हटल्यावर का नाही येणार? वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, एवढं पाळा. हाक मी मारतो."

पण केंद्राच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं न्यामोलोला आत सोडलं नाही. डॉक्टरनं पेट्यांपाशी यायची परवानगी दिली होती ती आईपुरतीच.

"अरे, मी सख्खा काका आहे त्याचा."

"मुलाचा पत्ता नाही आणि काका कुठून आला?" पहारेकरी म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन दुसरीकडे बघायला लागला. न्यामोलो बाहेर झाडाखाली बसला. युनिया फळ छातीशी धरून एकटी आत गेली.

डॉक्टर आणि विल्किस्ता तिला पेट्यांच्या खोलीत घेऊन गेले. आत दुसरं माणूस नव्हतं, तरी खोली भरलेली वाटत होती. भिंतीलगत पांढऱ्या पेट्या, आणि त्या सगळ्या मिळून एकच सूर लावून होत्या, रडून थकलेलं पोर तोंड मिटून नुसतं हुं हुं करत राहतं तसा. डॉक्टरनं जाड हातमोजे घातले आणि एका पेटीचं झाकण वर उचललं. धुकं बाहेर सांडून जमिनीवर उतरलं, युनियाच्या पायांपर्यंत आलं. आत नळ्या उभ्या होत्या. एकीला एक चिकटून, ताठ, अरुंद घरांतून.

मासळीच्या ट्रकमधला बर्फ तिला ठाऊक होता, तो गळतो. हा कोरडा होता. नळ्यांच्या टोपणांवर, कडांवर, पीठ भुरभुरल्यासारखा. तिनं तो ओळखला. गेले कित्येक दिवस ती तो बघत होती.

आईनं मुलाला मारायची हाक वेळेच्या नावाचीच असते. तिनं तशीच मारली, संध्याकाळी होडी परतताना काठावरून मारायची तशी, शेवट लांबवत.

"ओदुओर, घरी चल."

सगळ्या पेट्यांचा सूर एकदम थांबला. त्या शांततेत आतून बारीक तडतड ऐकू आली, उन्हात मासळी वाळताना येते तशी, पण एका जागेवरून नाही. या पेटीतून, शेजारच्या पेटीतून, पलीकडच्या रांगेतून. मग मोटर पुन्हा सुरू झाली.

"झाकण उघडं राहिलं की होतं असं," डॉक्टर म्हणाला. विल्किस्ता दाराबाहेर गेली होती.

परतताना दोघांनी भाड्याच्या मोटरसायकली केल्या. न्यामोलो एकीवर बसून पुढे गेला. युनियाच्या गाडीचा चालक बडबड्या निघाला.

"आजी, नातू का? झोपला वाटतं."

ती गप्प.

"काय खायला घालता हो याला? टायर बसलं की माझं."

ती गप्प. चढावर गाडी रडायला लागली, तेव्हा त्यानं थांबवून मागचं चाक दाबून पाहिलं. चाकात हवा होती. त्यानं फळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि न सांगता गाडी वळवून आल्या रस्त्यानं गेला. ती चालत निघाली. फळ आता तान्ह्या पोराइतकं नव्हतं, दोन्ही हातांना कळ लागत होती. समोरून शेळ्यांचा कळप आला. शेळ्या बाजूला झाल्या, पण एका बाईला लागेल त्याहून पुष्कळ जागा त्यांनी सोडली, आणि ती पुढे गेली तरी घंटा वाजल्या नाहीत. बऱ्याच वेळानं वाजल्या. तिनं मागे पाहिलं नाही.

घरी कुत्री कणगीखाली शिरली. रिस्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आई, पाणी आधी कुणाकुणाला देऊ?" मग स्वतःचंच बोलणं ऐकून तिनं पोटावर हात ठेवला आणि आत गेली.

न्यामोलोनं फळ हातात घ्यायला पाहिलं आणि घेतलं नाही.

"वहिनी, काय म्हणून हाक मारलीत?"

"ओदुओर."

"कुणाचा ओदुओर? बापाचं नाव घेतलंत? आजोबाचं?"

"मी आई आहे. मी त्याला त्याच नावानं बोलावते."

न्यामोलो खाली बसला. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "त्यांची नावं काढून घेतलीत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. ज्याला कुणीच नावानं बोलावत नाही त्याला तुम्ही अर्धंमुर्धं नाव ऐकवलंत. तिथले सगळे ओदुओर उठून आले असतील."

सकाळी पहिली आली ती ओढ्यापलीकडची दोर्सिला. ती फाटकातच उभी राहिली. "ओऊमाच्या आई, हसू नकोस. माझा ओदुओर, लहानपणी गेलेला, रात्री आला होता. म्हणाला, मी अपोंदीच्या अंगणात आहे, इथून घर कुठल्या बाजूला?"

युनिया हसली नाही. दोर्सिला बसते न बसते तोच दुसरी आली. मग वरच्या वाडीतल्या दोघी एकमेकींचा हात धरून. त्या रडत नव्हत्या. चुकलेली गुरं शेजाऱ्याकडे सापडल्यावर माणसं येतात तशा त्या येऊन अंगणाच्या कडेला बसल्या आणि फळाकडे बघत राहिल्या.

"आजच्या आज पुरा," न्यामोलो म्हणाला. "खोड सकाळी मधोमध फाटलंय, मी बघून आलो. रिस्पाचे दिवस भरत आलेत. आणखी किती वाट बघायची?"

"आई, काका म्हणतायत ते ऐक," ओऊमा म्हणाला.

युनियानं रिस्पाकडे पाहिलं. मग दोर्सिलाकडे.

"दुसऱ्याचं पोर माझ्या अंगणात पुरू? त्यानं काय करावं इथे? जन्मभर पाहुण्यासारखं दारात उभं राहावं?"

"जन्म उरलाय कुठे त्याचा, वहिनी?"

"म्हणून तर."

तिनं फळ उचललं. ओऊमानं पुढे होऊन हात दिला तो तिनं नाकारला नाही. ती बायकांबरोबर निघाली. एकेका घराच्या फाटकाशी ती उभी राहायची आणि त्या घरची आई किंवा आजी आपल्या मुलाला हाक मारायची. या वेळी पूर्ण. वेळेचं नाव, पूर्वजाचं नाव, बापाचं नाव, बापाच्या बापाचं, त्याच्याही बापाचं. दोर्सिलाला नवऱ्याच्या आजोबांचं नाव आठवेना. ती घाबरी झाली तसं आतून तिच्या सासूनं खाटेवरून ओरडून सांगितलं, "हे गं काय, ते एक तरी लक्षात ठेवायचं होतंस." हाक पुरी झाली. युनियाच्या हातातलं ओझं किंचित कमी झालं, आणि दोर्सिलाच्या अंगणातली कोंबडी कुणाला तरी वाट दिल्यासारखी बाजूला झाली.

असं करत दुपार झाली. शेवटच्या फाटकापासून परतताना फळ ती एका हातावर पेलत होती.

अंगणात लोक जमले होते. विल्किस्ताही आली होती, मागे उभी होती. युनियानं खड्ड्याच्या काठावर उभं राहून मुलाला हाक मारली. ओदुओर ओगुटू, आणि पुढे त्याच्या बापाचं, आजोबाचं, केंद्रात घ्यायचं राहून गेलेलं सगळं. न्यामोलोनं खड्ड्यात उतरून फाटकं खोड बाहेर फेकलं आणि वर हात केले. तिनं फळ त्याच्या हातांत दिलं. तो तसाच थांबला.

"काय झालं?"

"हलकं आहे, वहिनी."

"फळाइतकं?"

न्यामोलोनं ते पुन्हा जरा वर करून पाहिलं. "फळ यापेक्षा जड असतं. मीच तोडून आणलं होतं."

मागे उभ्या विल्किस्तानं उत्तरेकडे पाहिलं. माती ढकलली गेली.

रिस्पाला मुलगी झाली. सुखरूप झाली, भर दुपारी. पहिल्याच नावाला शांत झाली. अंगणातला वास गेला आणि रिस्पाची पाऊलवाट पुन्हा घराजवळून जायला लागली. पुढे काठच्या बायकांनी गावच्या सभेत उभं राहून केंद्राला विचारलं, आमच्या पोरांची नावं परत कधी लावणार? डॉक्टरनं ते राजधानीतल्या समितीला कळवलं, समितीनं परदेशात विचारलं, आणि उत्तर आलं की करारात तशी तरतूद नाही. डॉक्टरची नंतर बदली झाली. विल्किस्ता अजून घरोघर जाते, पण थंडीत काही नासत नाही हे आता ती सांगत नाही. रक्त घेण्याआधी ती मुलाच्या आजोबांचं नाव विचारते. ते कुठे लिहायचं याला जागा नाही. ती ते तिथल्या तिथे, नळीकडे बघत, मोठ्यानं म्हणते.

युनियाला ओदुओर अजून दिसतो, पण क्वचित. पापण्या स्वच्छ असतात. त्याला स्वतःचं नाव ठाऊक आहे, जेवलास का विचारलं की तो मान हलवतो. फक्त तो दारात कधी पुरता येत नाही. चौकटीच्या आड असतो, एक खांदा, एक डोळा, एक हात. तिनं एकदा उठून चौकटीपलीकडे वाकून पाहिलं. त्या बाजूला काही नव्हतं.

"आई, सगळ्यांनी केलंय. आपणही थडग्यावर सिमेंट करून घेऊ," ओऊमा दर कोरड्या हंगामात म्हणतो. "पावसानं माती खचते."

"खचू दे. तू आणखी घाल."

"किती दिवस?"

"तो पुरता येईपर्यंत मोकळी राहू दे."

सरोवरावरून कधी एखादं विमान जातं, फार उंचावरून. मग युनिया मोडक्या होडीवरून उठते, हाताला लागलेली खवलं कमरेच्या फडक्याला पुसते आणि वर बघून मुलाचं सगळं नाव घेते, चार पिढ्यांचं, शेवट लांबवत. विमान त्या थंड देशाकडे निघालंय की तिकडून येतंय, हे तिला खालून कळत नाही. बाजारातून येणारे-जाणारे तेवढा वेळ रस्त्याच्या कडेला होऊन उभे राहतात.